भाकरी थापण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. सहायक संचालक,
विभागीय नमुना परीक्षण कार्यालय, लातूर.

मार्फत : आवक-जावक टेबल (अतिरिक्त कार्यभार : अर्जदार स्वतः)

विषय : कार्यालयीन वेळेनंतर मेसमध्ये भाकरी थापण्यास परवानगी मिळणे, न मिळाल्यास तसे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ८ जुलै २०२४
२) त्यावर काढलेली त्रुटी, दि. १९ नोव्हेंबर २०२४
३) मेसचालक उमाबाई यांना पाठवलेले पत्र, दि. १९ मार्च २०२५

महोदय,

१. अर्जदार पंचशीला केरबा सोनकांबळे ही आपल्या कार्यालयात सोळा वर्षांपासून परिचर आहे. मुरुडहून एसटीने ये-जा करते. शिक्षण सातवी; पुढचे वाचन फायली झटकता झटकता झाले. तरी मजकुरात कुठे धूळ राहिल्यास माफी असावी.

२. अर्जदाराची मुलगी समीक्षा बारावीला असून मे महिन्यात नीटची परीक्षा देणार आहे. मुरुडच्या घरी खोली एक आणि माणसे सहा. म्हणून असे ठरले, की अर्जदाराने कार्यालय सुटल्यावर, शिकणाऱ्या मुली जिथे राहतातही अशा उमाबाईंच्या मेसमध्ये भाकरी थापाव्यात आणि त्याबदली मुलीला तिथे कॉट व जेवण मिळावे. परवानगी येईलच या भरवशावर अर्जदाराने काम सुरू केले, ही चूक कबूल आहे.

३. परवानगी आली नाही, त्रुटी आली. ती समजली नाही म्हणून विचारले असता अधीक्षक धोंडप्पा साहेब म्हणाले, "बाई, मोबदला घेतला तर नियमात बसत न्हाई. न्हाई घेतला तर ती वेठबिगारी, तीबी बसत न्हाई. तुम्ही दोन्हीकडून अडकून राहिलात." साहेब मनाने चांगले आहेत. त्यांनी चहाही पाजला. तो अर्जदारानेच केला होता.

४. आवक-जावकचे लिपिक निवृत्त झाल्यापासून ते टेबल तोंडी आदेशाने अर्जदाराकडे आहे. या दुसऱ्या नोकरीला मात्र कोणाची परवानगी लागली नाही. त्यामुळे संदर्भ १ चा अर्ज अर्जदारानेच स्वीकारला. संदर्भ २ चे पत्र अर्जदारानेच अर्जदारास बजावून पोहोच घेतली. फाईल गठ्ठ्यात एकेचाळिसावी आहे. शेजारच्या टेबलाच्या महादेवीबाई म्हणतात, "येडी हाव का गं? वर ठेव की!" अर्जदार रोज तो गठ्ठा पुसते. दुसऱ्याच्या फाईलवर आपली ठेवणे जमले नाही.

५. संदर्भ ३ चे पत्रही असेच. या कार्यालयाचा कर्मचारी कोणाच्या परवानगीने कामावर ठेवला, असे त्यात उमाबाईंना विचारले आहे. अर्जदाराने त्यास जावक क्रमांक दिला, पाकीट चिकटवले, आणि संध्याकाळी तिकडेच जायचे म्हणून टपालात न टाकता हातोहात नेऊन दिले. टपालाने गेले असते तर चार दिवस मिळाले असते. हे पीठ मळताना सुचले.

६. उमाबाई पत्र वाचून म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातच्या भाकरीला पोरी लई गोड म्हणतेत. पण मला सरकारी लफडं झेपत न्हाई. सोमवारपर्यंत कागद आणा, न्हाईतर कॉट दुसरीला जाईल." त्यांचेही चूक नाही.

७. सोमवारच्या आत परवानगी मिळेल अशी अर्जदाराची समजूत नाही. टेबल तिचेच असल्याने वेग ठाऊक आहे. समीक्षाने काल एवढेच सांगितले, "आई, नामंजूर तर नामंजूर, पण लिहून आण. मी तोच कागद पुस्तकात ठेवून मुरुडला अभ्यास करीन." तरी एका शब्दाचा का होईना, सहीनिशी कागद मिळावा, ही विनंती.

आपल्याच कार्यालयातली, नम्र,
पंचशीला केरबा सोनकांबळे
लातूर, शुक्रवार, दि. २१ मार्च २०२५

सोबत : १) त्रुटीपत्राची प्रत, पोहोचेसह (देणार अर्जदार, घेणार अर्जदार).
२) समीक्षाच्या परीक्षा अर्जाची प्रत. त्यावर पत्ता मेसचा आहे.

आवक शेरा : आज दुपारी मिळाला. गठ्ठ्यात तळाशी ठेवला. — पं. के. सो.