बेंजोची वायर

दादा, तुमचा बेंजो परवा पुन्हा वाजला. वाजला म्हणजे आधी नुसता घुमला, मग खरखरला आणि शेवटी बोलला, पण ते सावकाश सांगतो. तुम्हाला आता घाई कसली? तुम्ही गेलात तेव्हा जे तुमचं वय होतं ते मी केव्हाच मागे टाकलं. आपल्या घरात वडिलांना दादा म्हणायची रीत, म्हणून माझी मुलगी मलाही दादाच म्हणते. तिनं हाक मारली की अजूनही क्षणभर मी तुमच्यासाठी मागे वळून बघतो.

सुरुवात मायच्या फोनमुळे झाली. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी घराला रंग द्यायचा हा तिचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ती कमरेत वाकली, नियम वाकला नाही. या वर्षी रंगाऱ्यानं निलंग्याच्या घरातलं लोखंडी कपाट ओढलं आणि मागून बेंजोची पेटी आणि तुमचा तो राखाडी ॲम्प्लिफायर निघाला, ज्याला तुम्ही कायम 'मशीन' म्हणायचात. मी इकडे नांदेडात ऑफिसात, आणि फोनवर माय म्हणते, "हे बोलत असंल तर ठेवते. न्हाई तर भंगारवाल्याच्या गाड्यावर घालते. मुकं सामान लई झालं घरात."

"माय, दादांचा बेंजो आहे तो."

"मला ठावं न्हाई व्हय कुणाचा हाय ते? जयंतीपतुर बघ. न्हाई तर गेला."

माय बोलली की करते. तुमची सायकल भंगारात कशी गेली ते मी विसरलो नव्हतो. त्याच शनिवारी मी निलंगा गाठलं.

पेटी उघडली तर सगळं जागच्या जागी. टाइपरायटरसारखी ती बटणं, गंजलेल्या तारा, तार छेडायची नखी. मशीनचा लाल दिवासुद्धा लागला. नव्हती ती फक्त बेंजोपासून मशीनपर्यंत जाणारी वायर. तुमच्या तंबाखूच्या डबीत तिच्या दोन्ही टोकांच्या पिना सापडल्या, एक बेंजोकडची जाड आणि एक मशीनकडची, आटे फिरवून बसवायची. दोन्हींना बोटभर वायर चिकटलेली. उंदरानं कुरतडलेली नव्हे, ब्लेडनं सरळ कापलेली. मला राग आला. तुमच्या गाण्याच्या पार्टीतल्या कुणीतरी उसनी नेऊन उद्योग केला असणार, असं मी धरून चाललो. कारण वायरीच्या बाबतीत तुम्ही किती कडक होता हे माझ्या कानानं अनुभवलं होतं. एकदा मी ती खसकन ओढून काढली तेव्हा तुम्ही तो कान पिरगाळून म्हणाला होतात, "पिनीला धरून काढ, लेका. शेपटी वढून बैल बी येत न्हाई."

अजून डोळ्यांपुढे दिसतं: मी पाचवीत आहे. घरात विजेचा खटका एकच, तोही स्वयंपाकघरात, म्हणून बेंजो तिथंच. तहसिलीतून येऊन, हातपाय धुऊन तुम्ही भिंतीला टेकून बसलायत आणि माय चुलीपुढून सांगतेय की पिठात पाय घालू नका. मशीन सुरू केलं की आधी घूं असा आवाज येतो. तुम्ही बेंजोच्या पत्र्यावर तळहात ठेवता आणि तो दबतो. माझ्याकडे बघून म्हणता, "लेकरू हाय. हात लागला की गप बसतंय." मग तुमची ती लाडकी पाळण्याची चाल सुरू होते आणि माय भाकरी थापते तीही त्याच ठेक्यावर. तिला सांगितलं तर ती कबूल करत नाही.

हे सगळं दहावीनंतर बंद पडलं. चांगले मार्क पडले की पोरानं लातूरला जायचं, हे आपल्याकडे ठरलेलंच. एसटी लागलेली, माझी वळकटी तुम्ही घाईघाईनं बांधून टपावर टाकलीत. कसल्याशा काळ्या दोरीची गाठ अशी करकचून मारली होती की हॉस्टेलवर ती मला सुटेना. मग मी ती कधी सोडलीच नाही, गादी बाजूनं उपसून काढायची आणि तशीच आत सारायची. दिवाळीला घरी आलो तर बेंजो कपाटामागे. का, म्हणून विचारलं तर तुम्ही गंभीर तोंडानं म्हणालात, "पोरगं शिकायलंय. घरात आवाज नको." आता मी शिकत होतो लातुरात आणि आवाज व्हायचा निलंग्यात! पार्टीतल्या लोकांनाही तुम्ही हेच सांगायचात. मी हॉस्टेलवर ही गोष्ट सांगून पोरांना पोट धरून हसवलं आहे. पुढे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तुम्ही गेलात. बेंजो कपाटामागेच राहिला.

तर पिना खिशात घालून मी नांदेडला परत आलो. स्पीकरच्या दुकानदारानं त्या उलटसुलट करून बघितल्या आणि मला नीट न्याहाळलं. "साहेब, आता समदं वायरलेस हाय. वायर कोण इचारतंय? ब्लूटूथ घ्या ना."

"बेंजोला ब्लूटूथ लागत नाही हो."

"मंग बेंजोच नवा घ्या!"

मशीनकडची तसली पिन आता बाजारात येत नाही, पण जाळीची वायर मिळेल, तुम्हीच जोडा, असं म्हणून त्यानं मला काळी वायर कापून दिली. आत एक बारीक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. मी विजेच्या खात्यातला इंजिनिअर. उमरीकडच्या गावांची लाइट गेली की लोक माझ्या नावानं शंख करतात. दोन पिना जोडायच्या म्हणजे काय मोठंसं, अशा थाटात पुढच्या रविवारी मी मायच्या स्वयंपाकघरात सोल्डरिंगची कांडी तापवून बसलो. बोट भाजलं, नव्या रंगाच्या भिंतीला धूर लागला, मायनं उद्धार केला. मग मशीन सुरू केलं आणि घूं! असलं घूं की शेजारची बाई दळणाची गिरणी घातली काय म्हणून डोकावून गेली.

"हे बोलणं न्हाई," माय म्हणाली. "भंगारवाला उद्या येणार हाय."

मला खरंच धडकी भरली. वायर उलटीपालटी करून पाहिली, वर्षानुवर्षं शिकलेलं काही आठवेना. आठवला तो तुमचा तळहात. मी पत्र्यावर हात ठेवला. लेकरू गप बसेना. म्हणजे माझा हात जाळीतून मशीनपर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे जाळीचा टाका कुठंतरी सुटला होता. पिन उघडली तर तसंच. तो टाका पुन्हा मारला, मशीन लावलं, हात ठेवला, आणि दादा, आवाज दबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मायला मी धुराचं कारण सांगितलं.

मग मी पाळण्याची चाल वाजवायला बसलो. माझं वाजवणं म्हणजे आनंदच. पण माय भाकरी टाकून आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तितं न्हाई, खालचं बटन दाब. तितं ते खाली यायचे." बेंजोला तिनं जन्मात हात लावला नव्हता, पण तुमची बोटं तिला पाठ होती. मी खालचं बटण दाबलं. चाल जागेवर आली. "लई दिवसानं त्वांड उघडलं मेल्यानं," ती म्हणाली आणि पदरानं बेंजो पुसायला लागली. भंगारवाल्याचा विषय तिथंच संपला.

मी सहज म्हणालो, जुनी वायर कुणी कापली देव जाणे. माय हसली आणि माळ्याकडे बोट केलं. माळ्यावर माझी ती हॉस्टेलची वळकटी. "यष्टी लागली व्हती, दोरी घावंना. ह्यांनी पिना कापल्या अन् वायरीनं बांधली तुझी गादी."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस व्हय? नवी आणतो म्हणलास, म्या म्हणलं आणू दे."

"आणि दादांनी दुसरी का नाही आणली?"

"म्या म्हणलं की ह्यांना. तर म्हणले, राहू दे. ती वायर घरी आली की पोरगं बी आलं. तवाच लावू."

मी माळ्यावर चढलो. वळकटीवर धूळ, आणि धुळीखाली काळी वायर, लातूरला जाताना होती तशीच बांधलेली. मी घरी आलो, वायर घरी आली, तुम्हीच तेवढे थांबला नाहीत. खालून माय म्हणाली, "सोड ती. जुनी वायर चांगली असती, बेंजोला तीच लाव." मी गाठीवर बोट फिरवलं आणि वरूनच सांगितलं की लई घट्ट बसली आहे, सुटत नाही.

खरं म्हणजे, दादा, मी ती ओढून पाहिलीच नाही.