निर्भार परिवाराला काहीही न देण्याबाबत

मी, श्रीमती सगुणाबाई बुधाजी गायकर, वय वर्षे ६४, धंदा जीन्सची शिलाई, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही धाकात न येता लिहून ठेवते. वकीलबाई वैष्णवी सांगतात की ‘माझी बुद्धी शाबूत आहे’ हे वाक्य घालावंच लागतं. घालते. माझी बुद्धी आज शाबूत आहे. २०१२ ते २०२३ अशी अकरा वर्षं ती दुसऱ्याकडे गहाण होती, आणि त्याच काळात मी एका कागदावर सही करून बसले. तो कागद माझ्या लेकीचं घर खाईल, म्हणून हा दुसरा कागद.

कलम १. निर्भार परिवार म्हणजे बदलापुरात नदीच्या अंगाला पत्र्याची मोठी शेड, दर गुरुवारी सभा, आणि खुर्चीत ‘मोठेभाऊ’ नावाचे गृहस्थ. त्यांचं खरं नाव मला अकरा वर्षांत कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. २०१६ च्या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाल्यावर आम्हा बायकांकडून छापील कागद भरून घेतले. तिथे त्याला ‘ओझं-उतरणी’ म्हणतात, कारण घर, दागिना, बँकेतलं पुस्तक, सगळ्याला तिथे ‘ओझं’ हा एकच शब्द आहे. वकीलबाईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “काकू, हे रीतसर मृत्युपत्र आहे. तुमच्या मागे घर त्यांचं.” तो कागद मी याद्वारे पूर्णपणे रद्द करते. परिवाराला, मोठेभाऊंना किंवा त्यांच्या कोणा माणसाला माझ्या मिळकतीतली सुईसुद्धा मिळू नये.

कलम २. घर. सासऱ्यांची भाताची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, त्या पैशांतून यांनी माझ्या नावावर दोन खोल्या घेतल्या. त्या माझ्या पश्चात माझा मुलगा अमित याच्या मालकीच्या होतील. पण पुढच्या खोलीत माझी मुलगी उन्नती हिला ती जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क राहील. घर तिच्या नावावर केलं तर ती दुसऱ्या दिवशी नेऊन मोठेभाऊंच्या पायावर घालील, म्हणून असं केलं. माझा लेकीवर विश्वास आहे. तिच्या तोंडून जे बोलतं त्याच्यावर नाही.

उन्नती आज बत्तीस वर्षांची आहे. एकोणीस वर्षांची असताना मीच तिला हाताला धरून तिथे नेलं. ती अजून तिथेच राहते, स्वयंपाकघर सांभाळते. ती कधी दारात आली तर अमितने खालील गोष्टी पाळाव्यात. खोलीचं कुलूप बदलू नये. ‘का गेलीस, का आलीस’ विचारू नये. ‘माझं चुकलं’ असं तिच्याकडून वदवून घेऊ नये. तिथे दर गुरुवारी उभं राहून चुका सांगाव्या लागतात, त्याला ‘उघडणं’ म्हणतात, आणि तिचं तेरा वर्षं पुरेसं उघडून झालं आहे. ती ते शब्द बोलेल तर बोलू द्यावं. माणूस तिथून एका दिवसात निघतो, शब्द निघायला वेळ लागतो. मी बाहेर येऊन दोन वर्षं झाली, तरी परवा भाजीवाल्याने जड पिशवी हातात दिली तेव्हा मी म्हटलंच, “एवढं ओझं नको, मोकळं कर मला.” तो बिचारा घाबरला.

कलम ३. माझी जीन्सची मशीन, मोठी कात्री आणि बॉबिनचा डबा सून तेजस्वी हिला द्यावा. मशीन मूळची टेकचंद शेठची, त्यांच्या कॅम्प तीनमधल्या गाळ्यात मी शिलाईला जायचे. त्यांनी गाळा आवरला तेव्हा म्हणाले, “सगुणाबाई, ये मशीन दुसरे का हाथ नहीं मानती, तू ले जा.” खरं आहे, जाड कापडाच्या जोडावर ती अडते, तेव्हा चाक हाताने अर्धं फिरवावं लागतं, तेजस्वीला दाखवून ठेवलं आहे.

तेजस्वीच्या लग्नाला मी गेले नाही. अमितने परिवारात यायला नकार दिला म्हणून तो ‘सावली’ ठरला होता, म्हणजे बाहेर राहिलेलं रक्ताचं माणूस. सावलीच्या घरी पाणी प्यायचं नाही असा नियम. मुलाच्या हळदीच्या दिवशी मी बदलापुरात बसून दीडशे माणसांच्या पोळ्या लाटत होते, आणि मला अभिमान वाटत होता. हे लिहिताना लाज वाटते. २०२३ मध्ये मी पहिल्यांदा तिच्या दारात गेले तेव्हा तिने पाट मांडला, चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, “साखर किती, आई?” मशीन तिचीच.

कलम ४. माझी जाऊ गोजरबाई हिला काही नाही. मला परिवारात नेलं ते हिनेच. स्वतः दोन वर्षांत गुपचूप बाहेर पडली आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. दार कुठे आहे ते ठाऊक असून जी बाई अळीमिळी गुपचिळी बसली, तिला मी काय द्यावं? माझं तिच्याशी भांडण आहे, तेवढं तिला देऊन जाते. तिने हवं तसं वापरावं.

वकीलबाई म्हणतात, एवढं कशाला लिहिता. बरं, पुढचंही लिहिते, म्हणजे हिशेब सरळ राहील. बाहेर पडलेल्याला तिथे ‘बुडाला’ म्हणतात आणि बुडालेल्याकडे बघत नाहीत. गोजरबाई मला रिक्षा स्टँडवर चार वेळा तरी भेटली असेल. दर वेळी मीच रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिने सांगायचं ठरवलं असतं तरी कोणाला सांगणार होती? तरीही भांडण कायम आहे.

कलम ५. कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आहे. ती जाळू नये. अमितने जपून ठेवावी.

परिवारात मी ‘शब्दताई’ होते. नवीन आलेल्या बायकांना पहिले तीन महिने तिथलं बोलणं शिकवायचं काम माझं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण मोठेभाऊ म्हणाले, “सगुणाताईंच्या तोंडात शब्द मुरतात.” आयुष्यात कोणी पहिल्यांदा ताई म्हटलं, मी फुलून गेले. वहीत डाव्या बाजूला जगातला शब्द आहे, उजव्या बाजूला आमचा. आजार म्हणजे ‘साफसफाई’. झोप न मिळणं म्हणजे ‘जागृती’. आणि कोणी प्रश्न विचारला, कसलाही, तर त्याला उत्तर द्यायचं नाही. जरा थांबायचं, मान हलवायची, हसायचं आणि म्हणायचं, ‘हा तुझा मी बोलतोय’, म्हणजे तू नाहीस, तुझा अहंकार बोलतोय. संपलं. या एका वाक्यापुढे कोणाचं काही चालत नसे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण आम्ही अकरा वर्षं पोटभर जेवलो.

आता मुख्य गोष्ट. ती कुठल्या कलमात घालावी ते मला कळत नव्हतं, म्हणून इथेच घालते. ११ मार्च २०१८, रविवार, दुपारचं जेवण झालं होतं. माझे यजमान बुधाजी आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, धडधाकट माणूस. भिंतीला टेकून बसले होते. छातीवर हात ठेवला, सदरा घामाने भिजला. मला म्हणाले, “सगुने, मना दवाखान्यान ने. रिक्षा बोलव.” रिक्षा स्टँड आमच्या खिडकीतून दिसतो. मी जरा थांबले, मान हलवली, हसले आणि म्हटलं, “हा तुमचा मी बोलतोय.”

ते आणखी दोनदा म्हणाले. मग म्हणायचे थांबले. पाच वाजता वारले. तिथे वारले असं म्हणत नाहीत, ‘हलके झाले’ म्हणतात. मी रडले नाही म्हणून पुढच्या गुरुवारी सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. उन्नतीनेही वाजवल्या.

पाच वर्षांनी एका नव्या पोरीने वर्गात मला विचारलं, “शब्दताई, साफसफाईत माणूस मेला तर?” मी उत्तराला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “मेले. माझे मालक मेले.” वही उचलली आणि चालत स्टेशनवर आले. उन्नती स्वयंपाकघरात होती. मी तिला हाक मारली नाही. मारायला हवी होती.

वही एवढ्यासाठी ठेवायची की उन्नती आली आणि काही बोलली, तर अमितला उजवीकडून डावीकडे वाचता यावं.

(इथपर्यंत बुधवारी लिहून झालं होतं. शनिवारी सह्या करायच्या ठरल्या होत्या. मध्ये गुरुवार आला. आज शनिवार आहे, पुढचं अक्षर बिघडलं असेल तर माफी असावी. दोन दिवस मी धड बसलेली नाही.)

कलम ६. बुडालेल्या आईला परत वळवावं म्हणून उन्नतीला महिन्यातून एकदा, सभेनंतर, मला पाच मिनिटं फोन करू देतात. गुरुवारी तिचा फोन आला. आवाज आनंदी होता.

“आई, खुशखबर आहे. माझ्या डाव्या छातीत साफसफाई सुरू झालीय.”

मी विचारलं, “केवढी?”

“लिंबाएवढी. आधी सुपारीएवढी होती. मोठेभाऊ म्हणाले, ज्यांच्यात घरच्यांची फार सावली साचलेली असते त्यांचंच असं बाहेर पडतं.”

“कधीपासून गं?”

“गणपतीपासून.”

“उन्नती, दवाखान्यात जा. आजच्या आज जा. मी येते, मी सोबत येते.”

ती जरा थांबली. हसल्याचं मला फोनवरूनही ऐकू आलं. म्हणाली, “आई, हा तुझा मी बोलतोय.” आणि फोन ठेवला.

थांबायचं किती, हसायचं कधी, सगळं बरोबर जमलं होतं. मीच शिकवलेलं. माझ्या हाताखालून शे-दीडशे बायका गेल्या असतील, पण सगळ्यांत चांगली ती शिकली.

अमितला फोन केला. तो कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. म्हणाला, “पोलिसात जाऊ, चल.” गेलोही. तिथे म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने राहते, स्वतः बोलली तर बघू. स्वतःच्या मर्जीने! मला हसावं की रडावं कळेना.

म्हणून माझ्या नावे बँकेत असलेली सगळी ठेव माझ्या पश्चात उन्नतीच्या औषधोपचारासाठीच वापरावी. तिच्या हातात देऊ नये. अमितने परस्पर दवाखान्यात भरावी. ती नको म्हणाली तरी भरावी. ती काहीही म्हणाली, हसली, मान हलवली, तरी भरावी.

कलम ७. हे कलम आज इथे, वकीलबाईंच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. सहाव्या कलमाचं वाचन झालं आणि मी विचारलं, “हे लागू कधी होणार?” वकीलबाई म्हणाल्या, “काकू, मृत्युपत्र आहे. तुम्ही गेल्यावर.” हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऐकलं आणि मी उठून उभी राहिले. माझी तब्येत ठणठणीत आहे. मी अजून वीस वर्षं जगेन. ती गाठ वीस वर्षं थांबणार आहे का?

शेजारच्या इंदुबाई साक्षीदार म्हणून आल्या आहेत. त्या दोन दिवस माझं ऐकताहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अगं बये, कागद-कागद काय करत बसलीस? पोरगी जित्ती हाय ना तुझी?”

दुसरे साक्षीदार राजेंद्र, माझ्या यजमानांबरोबर कारखान्यात फिटर होते. ते म्हणाले, “वहिनी, टेन्शन नका घेऊ. माझी रिक्षा खालीच लावलीय. हाफ अवर लागंल बदलापूरला.”

तर या सातव्या कलमाची अंमलबजावणी माझ्या मरणाची वाट न बघता करायची आहे, आणि ती मीच करणार आहे. सह्या झाल्या की आम्ही तिघं निघतो. मी त्या शेडच्या फाटकासमोर बसेन. आत घेतलं नाही तर बाहेर बसेन. उद्याही बसेन. ते मला ‘बुडाली’ म्हणतील, म्हणू देत. माझ्याकडे कोणी बघणार नाही, पण भाजी घ्यायला ती रोज फाटकाबाहेर येते. ती आली की मी तिला तिच्या बापाचं सगळं सांगेन, तीन वेळा कसं मागितलं, मी काय म्हटलं, रिक्षा खिडकीतून कशी दिसत होती. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तो झोपेत हलका झाला. त्यानंतर ती माझ्याबरोबर येईल की नाही ते मला माहीत नाही. आली तर पहिली दवाखान्यात नेईन, खोलीचं मग बघू.

वकीलबाई म्हणतात, हे कलम कायद्यात बसत नाही. नसेना का. खोडायचं नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. मला घाई आहे, म्हणून सही वाकडी येईल. ती माझीच समजावी.

सही: सगुणाबाई बुधाजी गायकर

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली आणि ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही:

१. इंदुबाई धर्मराज शेळके, अंबरनाथ पूर्व (सही)
२. राजेंद्र विठ्ठल कदम, शहाड (सही)

मसुदा: अ‍ॅड. वैष्णवी तरे

ठिकाण: अंबरनाथ
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे