देवामागची भिंत

॥ श्री ॥

मी सटवोजी बिन रामजी गवंडी, राहणार कसबे पुणे, वय सत्तरीला टेकलेले, पाय थकलेले, उजवा हात गेलेला, परंतु डोके जिथल्या तिथे, असा आज सांगून लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे. मला अक्षर येत नाही. लिहिणार सदाशिव पेठेतले श्रीनिवासपंत. सांगणे माझे, वळण त्यांचे.

डोके ठिकाणावर असल्याचे मुद्दाम लिहवतो, कारण माझा एकुलता एक मुलगा गेनबा याने आळीभर सांगितले आहे की आबांना भ्रम झाला. म्हणून मीच पंतांना म्हटले, लेखणी बुडवण्याआधी माझी परीक्षा घ्या. त्यांनी तिथी विचारली, ती सांगितली. दहा हात भिंतीला विटा किती लागतील ते विचारले. जाडी आणि उंची आधी सांगा, असे मी म्हणालो. मग त्यांनी विचारले, "माझ्या घराची मागची भिंत आपणच बांधलीत ना?" मी म्हणालो, "नाही. तेव्हा आपण स्वस्तातला गवंडी पाहिलात." पंत म्हणाले, "भ्रम नाही. असता तर आपल्या मुलाची सोय झाली असती." हेही लिहा म्हटले, त्यांनी लिहिले.

कलम पहिले, घर. कसब्यातले माझे राहते घर, पुढे रस्ता, मागे विहीर, हे गेनबाचे. दुसरा वारस नाही. हे घर माझ्या बापाने पांढऱ्या मातीचे बांधले. भिंती दोन हात जाड, वर गवताचे छप्पर, आणि उजेडाला दर्शनी भिंतीत एक झरोका, त्यातून मांजर गेले असते, माणसाचे डोके नव्हे. चाळीस वर्षे मी लोकांची घरे नटवली. लोकांच्या दारी वीट, चुना, कौले, सागवानी खिडक्या, आणि माझ्या दारी शेणाचा पोतेरा. हिंदुराव शिलेदार, ज्यांच्या घराचा दर्शनी भाग मी दोन वर्षे खपून केला, ते चारचौघांत म्हणाले, "सटवोजी, तुझे घर पाहून तुला काम द्यायचे असते, तर तू उपाशी मेला असतास." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

माझी बायको मुक्ताबाई हिचे मागणे निराळे होते. तिला लोकांशी कर्तव्य नव्हते. ती म्हणाली, "एक खिडकी द्या. रस्त्यावरून कोण गेलं ते तीस वर्षं मी आवाजावरून ओळखतेय."

म्हणून सात वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, मी घराला नवे रूप दिले. गवत काढून नळीची कौले घातली. दर्शनी भिंतीत दोन खिडक्या फोडल्या. चौकटी बजरंग सुताराने केल्या आणि त्या अजून तसूभर हललेल्या नाहीत, एवढे त्याचे श्रेय त्याला. जुनी मातीची भिंत पाडली नाही. तिच्या अंगाला बाहेरून पक्क्या विटेची नवी भिंत लावली आणि वरून सहा महिने मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. तो गिलावा असा उतरला की लोक हात लावून पाहत.

कलम दुसरे, हत्यारे. थापी, रंधा, गुण्या, दोन पहारी, टिकाव, हे सर्व गेनबाचे. तसेही ती त्याने गेल्या फाल्गुनापासून कुलपात ठेवली आहेत, का ते पुढे येईल. ओळंबा मात्र गेनबाला देऊ नये, बजरंग सुताराला द्यावा. भिंत सरळ की वाकडी हे ओळंबा सांगतो, आणि ज्याला ते ऐकायचे नाही त्याला त्याचा उपयोग नाही.

कलम तिसरे. झरोक्याची जुनी लाकडी चौकट माळ्यावर आहे. ती हिंदुराव शिलेदारांस पोचती करावी. तिच्यातून पाहिल्यास माझे जुने घर दिसेल असे सांगावे. चुनेवाले हमीदभाई यांस माझी घोंगडी द्यावी, ते रात्री भट्टीवर बसतात. मुक्ताबाईची दोन लुगडी सून आनंदी हिने नेसावी, पेटीत ठेवून कसर लावू नये.

कलम चौथे, देवामागची भिंत. पंत, हे सावकाश लिहा.

जुन्या मातीच्या भिंतीला बाहेरून वीट लावायची तर ती नुसती चिकटवून भागत नाही. दर तीन हातांवर जुन्या भिंतीला भोक पाडून लांब दगड आत घालावा लागतो. त्याचे एक टोक मातीत, एक विटेत. त्या दगडांनी दोन भिंतींची एक भिंत होते. दगड नसतील तर त्या शेजारीशेजारी उभ्या असतात इतकेच, आणि मध्ये पाणी शिरले की एक दुसरीला सोडते. हे शिकाऊ गवंड्यालाही कळते. मी येरवड्याहून असे दगड आणवले होते.

दोन खिडक्यांच्या मध्ये, आतल्या अंगाला, देवाचा कोनाडा आहे. तेथे माझ्या आईने मांडलेले टाक आहेत. मी बाहेरून भोक पाडायला पहार उचलली तेव्हा मुक्ताबाई बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"देवाच्या पाठीत पहार घालायची नाही."

मी म्हणालो, "चार दिवस देव दुसरीकडे ठेवू."

"सासूबाईंनी बसवलेले देव मी हलवणार नाही. देव हलले की घर हलतं. मी दुसरं कधी काही अडवलंय तुमचं?"

अडवले नव्हते, हे खरे. दुसऱ्या कोणा घरमालकाने असे म्हटले असते तर मी सांगितले असते, बाबा, दुसरा गवंडी पाहा. तिला ते सांगवले नाही. खिडक्यांच्या मधला सहा हातांचा पट्टा, जमिनीपासून वाशांपर्यंत, मी एकही दगड न घालता वर नेला. हमीदभाई चुना घेऊन आले होते. ते म्हणाले, "सटवोजी, इथं दगड विसरलास." मी म्हणालो, "मागे देव आहेत." ते म्हणाले, "मग आता तेच धरतील." आणि मी वरून गिलावा केला. विसरलो नव्हतो. जाणूनबुजून केले.

मुक्ताबाई खिडकीत चार वर्षे बसली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तिने नावानिशी हाक मारली. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा मला राग नाही. माझा आहे, आणि तो कमी होत नाही.

गेल्या दसऱ्याला मी सहज वाशावरून ओळंबा सोडला. त्या पट्ट्याला मधोमध पोट आले होते, बोटभर. होळीला दोन बोटे झाले. आता चार बोटे आहे. गवताच्या तिप्पट वजनाची कौले त्याच भिंतीवर आहेत, ती सुटली की छप्पर आत येईल. आणि आतल्या बाजूला, त्याच भिंतीशी, खिडकीचा वारा लागतो म्हणून आनंदी दोन्ही नातवंडांना घेऊन निजते.

गेनबाला दाखवले. तो म्हणाला, "आबा, दोरी वाऱ्यानं हलतेय."

"वारा नाही. भिंतीला पोट आलंय."

"तडा कुठाय दाखवा."

तडा नाही. गिलावा इतका चांगला आहे की तो विटेबरोबर अखंड फुगतो आहे. माझ्याच हाताने माझी खोट झाकली आहे. गेनबा पुढे म्हणाला, "ही भिंत दाखवून मला कामं मिळतात. सगळ्या पुण्याला रस्त्यावर बोलावून तीच पाडू? लोक म्हणतील, बापाची टिकली नाही, लेकाची काय टिकणार?" हे खोटे नाही. त्याची भाकरी त्या भिंतीवर आहे.

आनंदीला सांगितले, निदान निजायची जागा बदल. ती म्हणाली, "मामंजी, आत मुलं गुदमरतात. आणि पाठीशी देव आहेत की." हे वाक्य तिने सासूकडून उचलले आहे.

आमच्या धंद्यातले पंच बोलावले. चौघे आले. त्यांनी रस्त्यावर उभे राहून भिंत पाहिली, गिलाव्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, अशी सफाई आता कोणाकडून होत नाही. पान खाऊन गेले.

तेव्हा फाल्गुनात एका दुपारी गेनबा कामावर असता मी पोरांना आनंदीबरोबर विहिरीकडे धाडले आणि स्वतः पहार घेऊन भिंत पाडायला लागलो. दोन घाव घातले. आळी जमली. मी देवाच्या भिंतीवर पहार चालवतो म्हणून बायका रडू लागल्या. गेनबा धावत आला, त्याने पहार हिसकावली, त्यात मी पडलो. उठलो तेव्हा उजवा हात उठला नाही. वैद्य म्हणतात, आता उठणार नाही. त्या दिवसापासून मी वेडा, आणि हत्यारे कुलपात. दोन घावांच्या जागी गेनबाने चुना भरला. बरा भरला आहे.

तरी माझी आज्ञा अशी. माझी चिता विझल्यापासून तीन दिवसांत, सुतकाची सबब न सांगता, देव माजघरात न्यावे, मुलांना बाहेर काढावे, आधी कौले उतरवावी, मग खिडक्यांच्या मधली भिंत वरून खाली एकेक वीट करून उतरवावी. देव हलवल्याचा दोष माझ्या माथी. हे न केल्यास गेनबाचा घरावर हक्क नाही.

येथे पंतांनी लेखणी ठेवली. म्हणाले, "त्याचा हक्क गेला तर घर कोणाचे? दुसरे नाव सांगा." दुसरे नाव नाही. हमीदभाईंना विचारले होते, ते म्हणाले, "तुझ्या देवांसकट घेऊ का?" शेवटचे वाक्य खोडू का, असे पंतांनी विचारले. राहू द्या म्हटले. धाक नसला तरी शब्द असावा.

पंत आणखी म्हणाले, "मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मृगाला पंधरा दिवस उरले. पावसात ती भिंत आपल्यासाठी थांबेल का?"

थांबणार नाही. म्हणून परवापासून मी फक्त पाणी घेतो आहे. गेनबाला वाटते, हट्ट आहे. मला मरण्याची हौस नाही. पण जिवंतपणी माझे कोणी ऐकले नाही, आणि मेलेल्या बापाचे शेवटचे सांगणे सहसा मोडत नाहीत, एवढ्या एका रिवाजावर मी भरवसा ठेवला आहे. मृगाच्या आत उरकावे असा प्रयत्न आहे.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, बरोबर आहे.

सटवोजी बिन रामजी, निशाणी थापी, डाव्या हाताची.

साक्ष : हमीद चुनेवाला. भिंतीत दगड नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.
साक्ष : बजरंग सुतार. ओळंबा मी सोडून पाहिला. चार बोटे.
हस्ताक्षर : श्रीनिवासपंत, सदाशिव पेठ.

मुक्काम कसबे पुणे, शके १७११, सौम्यनाम संवत्सरे, वैशाख वद्य नवमी.

वारसाची संमती, त्याच दिवशी, गेनबाच्या सांगण्यावरून : कलम पहिले, दुसरे, तिसरे मान्य. कलम चौथे मान्य नाही. ती भिंत माझ्या बापाने स्वतःच्या हाताने उभी केली आहे, आणि तशी भिंत पुण्यात दुसरी नाही. आबा गेल्यावर त्यांची म्हणून मला तेवढीच राहणार. मी असेपर्यंत तिला कोणी हात लावणार नाही. निशाणी थापी.