पाचवी कुपी

सोमवार, ३
निवृत्तीनंतर चार वर्षांनी आज पुन्हा डबा भरून घराबाहेर पडले! इंजेक्शनच्या कारखान्यात तपासणीचं काम. कुपी दिव्यापुढे धरायची, आधी पांढऱ्या फळीवर बघायची, मग काळ्या. आत काचेचा कण दिसला की लाल ट्रेमध्ये. आमची परीक्षा म्हणून रोज पाच काचवाल्या कुप्या मुद्दाम मिसळतात. मी पाचही धरल्या. शेजारच्या बावीस वर्षांच्या पोरीला सगळे घार म्हणतात. ती म्हणाली, आजी, डोळ्यांत तेल घालून आलात की. घरी सांगितलं तर हे धापा टाकत का होईना, हसले.

गुरुवार, ६
पाचवी सापडायला संध्याकाळ झाली. सुपरवायझरबाईंनी सगळ्यांच्या मनगटाला पट्टा बांधलाय. दर दहा सेकंदांनी झटका, म्हणजे डुलकी नको. घारीचा हात दुप्पट चालायला लागला. मला मात्र झटक्यासरशी पंख्याचं पातं दिसतं, घारीच्या नखाचा उडालेला रंग दिसतो, फक्त कुपी दिसत नाही.

मंगळवार, ११
कारखान्याच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, दचकलं की मेंदूत एक रसायन उसळतं. तरुणपणी ते हवं तेवढं ठळक करतं, बाकीचं पुसतं. वयाबरोबर पुसणारा हात थकतो, मग सगळंच ठळक. बघता ते लिहीत जा, लक्ष टिकेल. पट्टा काढायला मात्र बाई नाही म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

शुक्रवार, १४
चारच सापडल्या. खरं सांगितलं असतं तर उद्यापासून घरी. एक साधीच कुपी लाल ट्रेमध्ये टाकली, वहीत पाच लिहून सही ठोकली. घारीनं बघितलं, पुढची कुपी उचलली. माल सीलबंद झाला. स्वतःची किळस येते.

बुधवार, २६
ह्यांना श्वास घेववत नाही. नर्सबाई इंजेक्शनचा खोका घेऊन आल्या. आमच्याच कारखान्याचा. तपासणीची तारीख १४.

खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, दुसरा आणेपर्यंत हे राहायचे नाहीत. यातलीच चांगली निवडून द्या, काम तुमचंच.

मनगटावर पट्टा नाही, तरी झटके — छातीत —

लिहितेय, लक्ष टिकावं म्हणून. पहिली कुपी. पांढरा कागद, ठीक. काळा — ह्यांच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय. नळ ठिबकतोय. कुपीत चमकलं — की खिडकीची काच? घड्याळ पाच मिनिटं मागे. हे माझ्याकडेच बघताहेत, किती विश्वासानं. झालं का, नर्सबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं? हातात कुपी नाही. टक — कुपीची मान मोडल्याचा आवाज — बाई, थांबा, ती