नळावरचे बूट

३ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि जर्सी दोन्ही पोचलं. बाह्या वाढवून दिल्यास ते फार बरं झालं. आमच्या क्लबची सगळ्यात मोठी जर्सीसुद्धा बांबूच्या कोपराखाली जेमतेम वीतभर जाऊन थांबायची. तुझा मुलगा माझ्या या दोन खोल्यांत मावत नाही हे तुला ठाऊक आहेच. खाटेच्या पायथ्याशी आता एक स्टूल लावलं आहे, त्यावर त्याचे पाय झोपतात. खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याने मला परवा सुचवलं की या पोराला घडी घालून ठेवत जा.

आता खरी बातमी. सोळा तारखेला चषकाचा पात्रता सामना आहे आणि लगेच पुढच्या आठवड्यात लीग सुरू होते. अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं की मोठे खेळाडू लीगसाठी जपून ठेव, या सामन्याला पोरं उतरव. पात्रता सामना म्हणजे त्यांच्या लेखी नसती डोकेदुखी. समोर गोदी कामगारांचा संघ आहे. एकेक गडी असा की दारातून आत यायचं तर दार मोठं करावं लागेल. आमच्यातल्या निम्म्यांना अजून धड दाढी फुटलेली नाही. मी थोडा वाद घातला, पण माझ्या वादाला क्लबमध्ये काय किंमत आहे ते तुला मी सांगायला नको. सीझनच्या सुरुवातीलाच या पोरांना मार खायला पाठवायचं माझ्या जिवावर आलं आहे.

तर गोलमध्ये बांबू उभा राहणार. वर्षभर तो बेंचवर बसला, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मैदानावर मला सर म्हणतो, आणि घरी आल्यावर माझेच मोजे घालून फिरतो. मैदानावर नातं नको, हे त्याचं त्यानेच ठरवलं आहे. मी त्याला संघात घेतल्याचं सांगितलं तेव्हा फक्त बरं म्हणाला, आणि संध्याकाळी जाऊन बुटांचा ब्रश घेऊन आला. आमच्याकडचा नियम तुला माहीत नसेल. शेवटची शिट्टी वाजताना जे मैदानावर असतात, त्यांनीच नंतर मागच्या नळावर एकत्र बसून बूट धुवायचे. जिंकलो तरी आणि हरलो तरी. आधी बाहेर आलेल्याला सुट्टी. मी खेळायचो तेव्हापासूनचा हा नियम, मॅनेजर झाल्यावर मीच तो पुन्हा चालू केला. खरी टीम त्या नळावर होते असं मला वाटतं. बांबू वर्षभर त्या नळाकडे लांबून बघत आला आहे. ब्रश त्याने अजून कागदातून काढलेला नाही.

दुकानात फार वेळ मान मोडून बसत जाऊ नकोस. डोळे तपासून घे. आहेस तशीच माया ठेव.

तुझा,
धाकटा


८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. पत्र हातात घेऊन मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड करून टाकला. आता दुसराही तेवढाच करून द्यावा लागणार.

तूच लिहितोस की पोरांना मार खायला पाठवायचं आहे, आणि वर सांगतोस की गोलमध्ये माझा मुलगा उभा राहणार. बाकीचे दहा जण धावून धावून लपू तरी शकतील. गोलकीपरने कुठे जायचं? सगळं मैदान त्याच्याकडेच बघणार.

शाळेत त्याला भाषणाला उभं केलं होतं ते तुला आठवतं का? मध्येच विसरला. खाली बसायचं सोडून तसाच उभा राहिला, समोरची मुलं हसत राहिली आणि बाईंनाही त्याला खाली बोलवायचं सुचलं नाही. घरी आल्यावर तो कितीतरी दिवस कुणाशी बोलला नाही. हे तेव्हा होते, त्यांनी हळूहळू त्याला बोलतं केलं. आता हे नाहीत. पुन्हा तसं झालं तर ते माझ्याच्याने निभावणार नाही.

त्याला खेळवू नकोस असं मी म्हणत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण त्याचं हसं व्हायला लागलं तर त्याला तिथे उभं ठेवू नकोस. कुणी काहीही म्हणो, तू त्याला बाहेर घे. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. त्याला यातलं काही सांगू नकोस, रागावेल. मी शब्द मागते आहे असं समज, आणि दोन ओळी लिहून पाठव म्हणजे मला झोप लागेल.

स्वतःची हेळसांड करू नकोस. तू लहान आहेस तोवर आशीर्वाद आहेतच, आणि तू लहानच राहणार आहेस.

तुझी,
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनच ओळी मागितल्यास म्हणून दोनच लिहितो. शब्द दिला. पँटवाल्याला माझा नमस्कार सांग.

धाकटा


१७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सामना काल झाला. आम्ही सात-एकने हरलो. बांबूला काही लागलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो.

पहिला गोल कॉर्नरवर झाला. गोदीचे दोघे जण अक्षरशः त्याच्या पायावर उभे होते, पंचांना ते दिसलं नाही. दुसरा मात्र त्याच्या हातातून निसटला. साधा चेंडू होता, मैदान ओलं होतं, हातात आला आणि बगलेतून मागे गेला. गोलमागे बसलेल्या लोकांना तेवढंच हवं होतं. त्याच्या उंचीवरून जे सुरू झालं ते थांबेना. मग एक पेनल्टी, आणि मध्यंतराच्या तोंडाशी चौथा. लोक पोट धरून हसत होते. मला तुझं पत्र आठवत होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

मध्यंतरात पोरं आत आली. आमचा डावा बॅक तोंडावर टॉवेल घेऊन रडत होता. बांबू मात्र पाणी पिऊन उभा राहिला आणि कॉर्नरच्या वेळी कुणी कुठे थांबायचं ते बाकावर पाण्याचे पेले मांडून दाखवायला लागला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता तू बस, दाढीवाला जाईल. दाढीवाला म्हणजे आमची बस चालवतो तो. पूर्वी गोलकीपर होता, राखीव म्हणून नाव घातलेलं असतं. बांबूने विचारलं की दुसऱ्या गोलमुळे का. मी नाही म्हणालो. मग कशामुळे, असं त्याने विचारलं नाही. मी ठीक आहे सर, एवढंच म्हणाला. मी ग्लोव्ह्जसाठी हात पुढे केला आणि त्याने ते काढून दिले.

नंतरचं कसं लिहू समजत नाही. दाढीवाल्याने आणखी तीन खाल्ले, त्यातला एक तर बघवत नव्हता. पण पोरं खेळत राहिली. अगदी शेवटी आमच्या मिरचीने, तो बुटका विंगर, एक गोल केला. ताई, कप जिंकल्यासारखी ती दहा पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. हसायला आलेले लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रडणारा डावा बॅक सगळ्यात वर होता. बांबू बेंचपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. अंगात तू वाढवलेल्या बाह्यांची जर्सी, वरून जाकीट.

सामना संपल्यावर तो बूट आणि ब्रश घेऊन नळावर गेला. मिरचीने त्याला सांगितलं की तुला सुट्टी आहे, जा, बसमध्ये बस. मिरचीच्या मनात काही वाईट नव्हतं, नियमच तसा आहे. बांबू क्षणभर थांबला आणि वळला. मी चार पावलांवर होतो. नियम माझा, मी काय बोलणार?

अध्यक्ष म्हणाले की पोरांनी लाज राखली. बांबू दोन दिवस तुझ्याकडे जाऊन येतो म्हणाला आहे. मी तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही, एवढंच सांगू शकतो. बरं केलं की वाईट, ते मला अजून समजत नाही.

रागावली असलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
धाकटा


२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी देवापुढे हात जोडले होते. माझं पोर अख्खं परत आलं असं मला वाटलं. तुला तसं लिहायलाही बसले होते. बरं झालं ते पत्र टाकलं नाही.

दोन दिवसांसाठी आला तो इथेच आहे. दुकानाचं दार कुरकुरत होतं ते त्याने नीट केलं. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवतो, बटणं लावतो. कामाला नाव ठेवायला जागा नाही. त्याचे बूट मागच्या दारी चिखलासकट पडले आहेत. मी धुवायला घेतले तर हातातून काढून घेतले आणि होते तिथे ठेवले. त्याच्या पिशवीत ब्रश सापडला, कागदसुद्धा फाडलेला नाही.

आता जे झालं ते सांगते. परवा दुपारी बटणं लावता लावता तो आपणहून बोलला. म्हणाला की मामाचा माझ्यावरचा विश्वास त्या दुसऱ्या गोलने उडाला, आणि त्यात मामाचं काही चुकलं नाही, तो चेंडू कुणीही धरला असता. किती दिवस हे मनात घेऊन बसला होता कोण जाणे. माझ्याने ऐकवेना. मी त्याला सांगून टाकलं की राजा, तू वाईट खेळलास म्हणून त्याने तुला काढलं नाही, मीच त्याला पत्र लिहिलं होतं, शपथ घातली होती. मला वाटलं त्याच्या छातीवरचा दगड उतरेल.

त्याने हातातला शर्ट खाली ठेवला. सामन्याच्या आधी का, असं विचारलं. मी हो म्हणाले, आधीच. मग त्याने शर्टाचं राहिलेलं बटण लावलं आणि फिरायला गेला.

तेव्हापासून तो माझ्याशी फार गोड बोलतो. तेच मला सोसत नाही. काल चौकातल्या फर्निचरच्या गोदामात काम बघून आला. तिथल्या मालकाने त्याची उंची बघून लगेच हो म्हटलं, शिडी वाचली म्हणे. मी हसले. तोही हसला.

काय करून बसलो रे आपण? तू त्याला लिही. माझं आता काही चालणार नाही.

तुझी,
ताई


२९ ऑगस्ट

चि. बांबूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

स्टूल अजून तुझ्या खाटेच्या पायथ्याशीच आहे. माझी पोटरी त्याच्यावर रोज आपटते, तरी ते मी हलवलेलं नाही.

तुझ्या आईने मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. शपथ तिने घातली, पण तुझे ग्लोव्ह्ज मी काढून घेतले. तू वाईट खेळत नव्हतास. मध्यंतरात तू पेले मांडत होतास तेव्हाच मला दिसायला हवं होतं की या पोराला कुणी वाचवायची गरज नाही. मला दिसलं नाही. मी घाबरलो होतो.

आपल्या मोठ्या गोलकीपरचं बोट सरावात मुरगळलं आहे. सहा तारखेला लीगच्या सामन्यात तू उभं राहायचंस. मिरची रोज तुझी चौकशी करतो. आणखी एक, मी नळाचा नियम बदलला आहे. आता मैदानाला ज्याचा पाय लागला, मग तो पाच मिनिटांसाठी का असेना, त्याने बूट धुवायला बसायचं. पोरांना मी तसं सांगून टाकलं आहे.

गोदामाच्या मालकाला सांग की शिडी विकत घे. ये. वाट बघतो आहे.

तुझा,
मामा


३ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईवर माझा राग नाही, तुझ्यावरही नाही. तुम्ही दोघं तसेच आहात.

मध्यंतरात डावा बॅक रडत होता. त्याच्या आईचं पत्र आलेलं नव्हतं, म्हणून तो खेळला आणि शेवटी सगळ्यांच्या वर होता. लोक मला हसत होते ते मला ऐकू येत होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. शाळेतल्या भाषणाचं आई अजून सांगते, पण मी तेव्हा उभा राहिलो होतो कारण मला पुढचं आठवायला लागलं होतं. बाबांना मी ते सांगितलं होतं.

दुसरा गोल माझा होता. नंतरचे तीनही माझेच होते. ते दाढीवाल्याने खाल्ले. मला ते खायचे होते.

तू मला सहा तारखेला बोलावतोस. बोट खरंच मुरगळलं असेल. पण मला ते कळायला मार्ग नाही. यापुढे तू मला खेळवलंस तरी का खेळवलंस ते मला कळणार नाही, आणि बाहेर काढलंस तरी कळणार नाही. असं गोलमध्ये उभं राहता येत नाही, मामा. मी तुला मैदानावर सर म्हणायचो ते उगीच नव्हतं. त्या दिवशी मला सर हवे होते.

दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन बघ, असं आई म्हणते. बघेन कदाचित. आत्ता तरी सोमवारपासून गोदामात जातो आहे. कपाटं लावायची असतात, काम वाईट नाही.

नळाचा नियम होता तसा कर. पोरांनी तो त्या दिवशी कमावला होता, तो माझ्यासाठी मोडू नकोस. ब्रश सोबत पाठवतो आहे, नवाच आहे, मिरचीला दे. बूट मी काल दुकानामागच्या नळावर हाताने धुतले आणि शेजारच्या मुलाला देऊन टाकले. त्याला थोडे मोठे होतात.

स्टूल काढून ठेव, पोटरी सांभाळ. तुझा लोभ आहेच, तो आता आणखी वाढवू नकोस एवढीच विनंती.

तुझा,
बांबू