ओढणीतला सोनचाफा

निर्मळ, मंगळवार, दिवेलागण

चिन्मयीचा फोन आला होता. आमची लेक सरकारी प्रयोगशाळेत बॉम्ब हुंगून काढणारं यंत्र बनवते, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढे विचारलं की, "बाबा, ते नाही सांगता येत." बरं, नको सांगू. पण घरी कधी येणार, हेसुद्धा गुपितच?

आज चिडलेली होती. "बाबा, तुम्ही पाठवलेल्या कपड्यांना सोनचाफ्याचा वास येतोय! आम्हाला साधा वासाचा साबणही चालत नाही, यंत्र फसतं. सगळे परत धुवायला लागले."

आता यात माझं काय चुकलं? चाफ्याची वाडी आमची. घरातल्या प्रत्येक कपाटात फूल असतंच, तिच्याही. ती गेली म्हणून ठेवायचं बंद करू? ह्याच चाफ्यावर शिकली आणि आता त्याच्याच वासाला बंदी! मीही तडकून बोललो, "मग यापुढे कपडे तिकडेच घेत जा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

मग हळूच म्हणाली, "एक ओढणी नाही धुतली. खोलीवर पिशवीत गाठ मारून ठेवलीय. रविवारी थोडी उघडते."

मी फोन तिच्या आईच्या हातात दिला आणि वाडीत जाऊन उगाच झाडांना पाणी घालत बसलो.

पिशवी उघडली की वास उडतो, हे तिला सांगायचं राहिलं. फार तर अजून दोन रविवार पुरेल.