एकसारख्या कुप्या

४ मार्च
रुजू झाले! वसतिगृहात खोली मिळाली, खिडकी पूर्वेला, उजेड भरपूर. वॉर्डातली फरशी इतकी लख्ख की तोंड पाहावं. मुख्य नर्सला सगळे माई म्हणतात. माझ्या डब्यात चमचा नव्हता, तर आपला पुढे केला आणि म्हणाली, इथे लाजलीस तर उपाशी राहशील. आईला फोन केला. म्हणाली, नाव काढ पोरी.

९ मार्च
खिडकीजवळच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. पोटाचं ऑपरेशन झालंय, दोन-चार दिवसांत घरी जातील. माझी बाही उसवलेली दिसली, तर पडल्यापडल्या शिवून दिली. टाका शोधून सापडत नाही. मुलगा बसचालक. एवढा दांडगा माणूस, पण आईपुढे बोलणी खात गुपचूप बसतो. हसू आवरत नाही.

११ मार्च
काकू गेल्या.
नीट लिहिते. सकाळी इंजेक्शनआधी काकूंच्या हातातली नळी मोकळी करायला माईने सलाइनची छोटी कुपी फोडली. तिला तसं वाटलं. खणात शेजारीच पोटॅशियमच्या कुप्या असतात. तोच आकार, तीच निळी अक्षरं. ते औषध पातळ करून थेंबथेंब द्यायचं असतं. थेट शिरेत गेलं की हृदय थांबतं.
काकू म्हणाल्या, "हात जळतोय गं." मग काहीच नाही.
रिकामी कुपी माईने पाहिली, मी पाहिली, डॉक्टरांनी पाहिली. डॉक्टरांनी ती खिशात टाकली.

१२ मार्च
बैठक झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर असणार. सगळ्या नर्सांच्या वरच्या मेट्रन म्हणाल्या, माईची आयुष्यभराची नोकरी एका कुपीपायी पाण्यात घालायची का? मी विचारलं, निदान त्या कुप्या वेगळ्या ठेवायच्या का. त्यावर म्हणाल्या, चूक झालीच नाही, तर जागा कशाला बदलायची? बदलली तर लोक विचारतील.
माई खाली मान घालून बसली होती.
बाहेर काकूंचा मुलगा उभा होता. आईला त्रास झाला का, एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि आभार मानले.

१५ मार्च
जेवले. झोपही छान लागली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. भीती वाटते ती याचीच.

१९ मार्च
माई रजेवर गेली. तिचे रुग्णही आता माझ्याकडे. पोटॅशियमच्या कुप्या मी गुपचूप खालच्या खणात ठेवल्या. दुपारपर्यंत परत सलाइनशेजारी. औषधं भरणारा म्हणाला, त्यांची जागा तीच आहे, सिस्टर.

२० मार्च
पुन्हा हलवल्या. मेट्रननी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. नोकरी नवी आहे तुझी, एवढंच म्हणाल्या.
कुप्या परत वर ठेवल्या. मीच.

२३ मार्च
दुपारी तीन खाटांवरून एकदम हाका. मास्तरांची नळी अडली होती — निवृत्त शिक्षक, सगळ्या नर्सना बाळ म्हणायचे. कुपी फोडली. अक्षरं वाचली होती. वाचली होती ना मी —
मास्तरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना.
डॉक्टर आले. कुपी त्यांच्या खिशात. माझ्या खांद्यावर हात. घरी जा, म्हणाले, विश्रांती घे.
हात थरथरतसुद्धा नाहीत.

२४ मार्च
मास्तरांची मुलगी आली होती. शेवटी जवळ कोण होतं, तिने विचारलं. डॉक्टर बोलायला लागले. ती म्हणाली, यांना बोलू द्या.
मेट्रन दाराशी —
मी तोंड उघडलं. आवाज माझाच होता. म्हणाले, तुमच्या बाबांना काहीच त्रास झाला नाही.